मुळांचे स्थान आलेखातून शिकवावे

महोदय,

गडहिंग्लज-राधानगरीपासून कोल्हापुरात अकरावीसाठी येणारी मुले प्रवेश परीक्षांच्या तयारीत वर्गसमीकरणाच्या मुळांच्या (समीकरण खरे ठरवणाऱ्या क्ष च्या किमतींच्या) संख्यारेषेवरील स्थानाविषयीच्या अटींचा तक्ता पाठ करतात. पण त्यातील प्रत्येक अट का लागते हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे दोन्ही मुळे १ पेक्षा मोठी हवी असतील तर ‘बेरीज २ पेक्षा मोठी आणि गुणाकार १ पेक्षा मोठा’ एवढेच लिहून हुशार मुलेही थांबतात. अर्धा आणि दहा ही मुळे घेतली, तर बेरीज साडेदहा व गुणाकार पाच येतो, तरीही एक मूळ १ पेक्षा लहानच असते.

क्ष² चा सहगुणक धन असताना समीकरणाच्या डाव्या बाजूचा वर उघडणारा वक्र फळ्यावर काढला, की अटी आपोआप दिसतात: विवेचक (वास्तव मुळे आहेत की नाहीत हे ठरवणारी राशी) ऋण नसावा, क्ष = १ ठेवल्यावर येणारी डाव्या बाजूची किंमत धन असावी आणि सममितीचा अक्ष (वक्राचे दोन सारखे भाग करणारी उभी रेषा) १ च्या उजवीकडे असावा. ही तिसरी अटच सर्वाधिक विसरली जाते, आणि ती नसेल तर दोन्ही मुळे १ च्या डावीकडेही असू शकतात. याउलट एखादी संख्या दोन मुळांच्या मधे हवी असेल, तर तिथली किंमत ऋण असणे पुरेसे आहे. क्ष-अक्षाखाली गेलेला असा वक्र दोन्ही बाजूंना अक्ष ओलांडतोच, म्हणून विवेचक वेगळा तपासावा लागत नाही.

भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणिता’त यासाठी सुंदर उदाहरण आहे. माकडांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केल्यास येतील तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते, तर एकूण किती? क्ष² − ५५क्ष + २५० = ० या समीकरणाची मुळे ५० आणि ५ येतात; पाचाच्या पाचव्या भागातून तीन जात नाहीत, म्हणून आचार्य ५ हे उत्तर नाकारतात. वजाबाकी शक्य होण्यासाठी संख्या किमान १५ हवी. १५ ठेवल्यास किंमत −३५० येते, म्हणजे १५ ही संख्या दोन मुळांच्या मधे आहे आणि ग्राह्य उत्तर एकच आहे, हे समीकरण न सोडवताच कळते.

दहावीला विवेचक शिकवतानाच शाळांनी या आलेखासाठी दोन तासिका राखाव्यात, आणि सराव परीक्षांत उत्तराबरोबर प्रत्येक अटीचे कारणही विचारावे, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त गणित शिक्षक, कोल्हापूर