दीपस्तंभाच्या चित्रात खालचा दिवा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळचे देखावे, युवा शिबिरांचे फलक, रविवारचे उपदेश अशा सगळ्या ठिकाणी हल्ली दीपस्तंभ दिसतो. लाल-पांढरा मनोरा, त्यातून निघालेला झोत आणि झोताच्या रोखाने येणारे गलबत. मनोरा म्हणजे ख्रिस्त किंवा चर्च, गलबत म्हणजे आपण. चित्र देखणे आहे, पण त्याबरहुकूम सुकाणू धरले तर गलबत फुटेल. बहुतेक दीपस्तंभ धोक्याच्या जागीच उभे असतात, खडकावर नाहीतर भूशिराच्या टोकावर. नाखवा त्यांच्या दिशेने जात नाही. दोन झोतांमधला वेळ मोजून हा स्तंभ कोणता ते तो नकाशावरून ओळखतो, आपली जागा ठरवतो आणि स्तंभ बाजूला ठेवून पुढे निघतो.

बंदरात शिरण्यासाठी वेगळे दिवे असतात, जोडीचे. एक पुढे, पाण्याजवळ आणि ठेंगणा; दुसरा त्याच्या मागे, जमिनीकडे आणि उंच. दोन्ही एकाखाली एक दिसले की गलबत खोल पाण्याच्या वाटेवर आहे. वरचा दिवा खालच्याच्या उजवीकडे सरकलेला दिसला तर आपण वाटेच्या उजवीकडे गेलो आहोत, डावीकडे दिसला तर डावीकडे. दोन्ही वेळी उपाय एकच: खालच्या दिव्याच्या बाजूला वळायचे, दोन्ही पुन्हा एका रेषेत येईपर्यंत. वरच्या दिव्यामागे लागणारा मात्र वाटेपासून आणखी दूर जातो. आणि खालचा विझला असेल तर वरचा कितीही लखलखीत असून उपयोग नाही. एका बिंदूवरून रेषा निघत नाही.

अमेरिकन प्रचारक डी. एल. मूडी आपल्या उपदेशात ईरी सरोवरावरच्या क्लीव्हलंड बंदराची गोष्ट सांगत ती नेमकी हीच. वादळी रात्र, मोठा दीपस्तंभ पेटलेला, खालचे दिवे विझलेले. वाटाड्याची वाट चुकली आणि जहाज खडकांवर गेले. मोठ्या दीपस्तंभाची काळजी प्रभू घेईल, खालचे दिवे तेवत ठेवणे आपले काम, असा मूडींचा अर्थ. त्यावरूनच फिलिप ब्लिस यांनी १८७१ मध्ये या खालच्या दिव्यांवर इंग्रजी गीत रचले. म्हणजे दीपस्तंभावरच्या एका गाजलेल्या ख्रिस्ती गीताचा रोख मनोऱ्यावर नाहीच. आपल्या फलकांवरून नेमका तो ठेंगणा दिवा गायब आहे.

तो विझतो का, हेही उपदेशकांनी सांगावे. तेलाच्या दिव्यात वात सरळ कापली नाही की ज्योत एका बाजूने चढते, काजळी धरते, काच काळवंडते आणि दिवा पेटलेला असूनही उजेड पडत नाही. चरबीचे तेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होते, वातीत चढत नाही. पाण्याजवळच्या दिव्याच्या काचेवर लाटांचे तुषार बसतात, समुद्रावर त्यात मिठाचा थर. म्हणून वात कापणे, काच पुसणे, तेल भरणे ही रोजची कामे. यात वीरश्री काही नाही, आणि फलकावर ते शोभूनही दिसत नाही.

राहिला उंचीचा मोह. डोंगरावरचे नगर लपत नाही, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन दीपस्तंभाच्या चित्राखाली हमखास असते. उंचीचा फायदा खरा, पण तो मोजता येतो. दिव्याची आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्यावी, दोन्हींची वर्गमुळे मिळवावी आणि बेरजेला २.०८ ने गुणावे. दिवा ३६ मीटरवर आणि डोळा ४ मीटरवर असेल तर ६ अधिक २ म्हणजे ८. उत्तर सुमारे १६.६ सागरी मैल. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यापलीकडे दिवा थेट दिसत नाही, प्रखर असला तरी. उंची चौपट केली तर दिव्याच्या वाट्याचे अंतर फक्त दुप्पट होते. शिवाय फार उंच दिवा ढगात जातो. दक्षिण आफ्रिकेत केप पॉइंटला १८६० मध्ये समुद्रापासून सुमारे २४० मीटरवर दिवा लावला, तो वारंवार धुक्यात बुडे. १९११ मध्ये ‘लुसिटानिया’ हे पोर्तुगीज जहाज तिथेच खडकावर गेले (त्या नावाचे प्रसिद्ध जहाज वेगळे). १९१९ मध्ये नवा दिवा ८७ मीटरवर, खाली आणला.

इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावरचे उदाहरण तर थेट चर्चशी निगडित आहे. १३१३ मध्ये फुटलेल्या जहाजातली, एका मठाच्या मालकीची वाइन घेतल्याबद्दल तिथल्या जमीनदाराला प्रायश्चित्त म्हणून टेकडीच्या माथ्यावर सेंट कॅथरिनच्या नावाने प्रार्थनामंदिर आणि दिव्याचा मनोरा बांधावा लागला. १३२८ च्या सुमारास तो पुरा झाला. दिवा लावायचा आणि बुडालेल्यांसाठी प्रार्थना करायची, हे तिथल्या धर्मगुरूचे काम. जागा मात्र धुक्याची. १७८५ मध्ये तिथेच नवा मनोरा सुरू केला, तो धुक्यामुळेच अर्धवट सोडला. पुढे १८४० मध्ये किनाऱ्यालगत दीपस्तंभ झाला. तोही धुक्यात जाई म्हणून १८७५ मध्ये त्याची उंची उतरवली.

आपल्याकडे कुलाब्याचे अफगाण चर्च घ्या. त्याचे सुमारे ६० मीटर उंच शिखर बंदरात येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून दिसावे, अशी अपेक्षा जागा देतानाच होती. तिथे दिवा नाही, झोत नाही. ठरलेल्या जागी उभे राहणे एवढेच काम.

यंदाच्या देखाव्यात हे दाखवणे अवघड नाही. एक बल्ब जमिनीपासून १ मीटरवर, दुसरा त्याच्या सरळ २ मीटर मागे आणि २ मीटर उंचीवर लावा. पुढच्या बल्बपासून ६ मीटरवर चुन्याची रेघ आखून मुलांना तिच्यावरून डावी-उजवीकडे चालायला सांगा. एका पावलातच दिवे एका रेषेतून सरकलेले दिसतात. मग खालचा बल्ब बंद करा आणि वाट शोधायला सांगा. दोन्ही बल्ब साधे, एकसारखे हवेत. लुकलुकणारी माळ लावू नका, तिच्यात काहीच कळत नाही.

आपला,
एक वाचक, वसई