खाडीतला चिखल आणि हलणारी प्रथिनं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत ठाणे खाडीच्या वासावर लेख आला होता, त्यात सांडपाण्याचं नाव घेऊन विषय संपवलाय. सांडपाणी थांबायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण ओहोटीला ऐरोलीकडे जो सडक्या अंड्यांचा वास येतो तो बनवणारे चिखलातले बॅक्टेरिया असतात, सांडपाण्याने त्यांना आयतं खाद्य मिळतं. खाली ऑक्सिजन पोचत नाही, मग हे जीव समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटला इलेक्ट्रॉन देऊन टाकतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि तो लोहाशी जुळला की चिखल काळा होतो.

मी अकरावीला बायो शिकवते. श्वसनाच्या धड्यात इलेक्ट्रॉन वाहतुकीची साखळी येते, म्हणजे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्यातून पेशीला ऊर्जा मिळते. पुस्तकात ते चौकोन आणि बाण, मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात, संपलं. मला हे फार लागतं, कारण खरी गंमत त्या बाणातच आहे. प्रथिनाच्या आत इलेक्ट्रॉन उडी मारतो ती साधारण १.४ नॅनोमीटरपर्यंतच (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), त्याहून लांब गेलं की वेग इतका पडतो की पेशीला उपयोग नाही. म्हणून चिखलातल्या डेसल्फोव्हिब्रिओ या बॅक्टेरियाचं सायटोक्रोम सी३ बघा, एवढंसं प्रथिन पण त्यात ४ हीम, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारे-देणारे लोहाचे गट, एकमेकांजवळ बसवलेत. जिओबॅक्टर या दुसऱ्या बॅक्टेरियाने तर कमालच केलीय, त्याचं ओएमसीएस नावाचं प्रथिन, प्रत्येकात ६ हीम, एकाला एक जोडून पेशीबाहेर लांब तार होते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर जातात. ही रचना २०१९ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने, म्हणजे गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघून, दिसली.

आणि जिथे अंतर जास्त असतं तिथे प्रथिन स्वतःच हलतं! याच साखळीत बीसी१ कॉम्प्लेक्स नावाचा प्रथिनांचा गट असतो, त्यात रीस्के प्रथिन आहे, लोह आणि गंधक असलेलं. ते गटातल्याच सायटोक्रोम बी या प्रथिनाजवळ असताना इलेक्ट्रॉन घेतं, पण तिथून पुढच्या सायटोक्रोम सी१ चा हीम सुमारे ३ नॅनोमीटर लांब, म्हणजे उडी शक्यच नाही. मग त्याचं डोकं मानेवर वळून सी१ जवळ जातं, इलेक्ट्रॉन देतं आणि परत येतं. १९९८ मध्ये कोंबडीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या कॉम्प्लेक्समध्ये डोक्याच्या या वेगवेगळ्या जागा दिसल्या, आणि ऱ्होडोबॅक्टर या बॅक्टेरियात बदल करून ती मान कडक केली तेव्हा काम मंदावलं. म्हणजे हालचाल हेच काम. पुस्तकातल्या स्थिर चित्रात हे कुठे दिसणार?

माझी विनंती एवढीच, रविवारच्या पुरवणीत यावर मराठीत सलग दोन-तीन लेख द्या, खाडीपासून सुरुवात करा म्हणजे ठाणे-नवी मुंबईची मुलं वाचतील, आमच्याकडे खाडी सगळ्यांनी बघितलेली असते. फ्लेमिंगोंचे फोटो दरवर्षी छापता, छान असतात, पण पायाखालच्या चिखलाला पण पान मिळू दे ना. चित्रांचा खर्च नाही. प्रोटीन डेटा बँक हा प्रथिनांच्या रचनांचा संग्रह १९७१ पासून आहे, तिथल्या रचना फुकट मिळतात, कोणीही वापराव्यात, आणि मोबाईलवर फिरवून बघता पण येतात. लेखासोबत तिथे काय शोधायचं ते मराठीत लिहिलंत तर मुलं घरी बसून करतील. वार्षिक परीक्षेच्या आधी जमलं तर फार बरं होईल, तेव्हा हाच धडा उजळणीला असतो.

आपली नम्र,
एक शिक्षिका, ऐरोली