८६५ गावं तुमची, मग दाखला कर्नाटकाचा का मागता?

मा. मंत्रीमहोदय,
सीमाप्रश्न समन्वय, महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

साहेब, तुमचा वेळ मोलाचा आहे म्हणून थोडक्यात लिहितो असं ठरवलंय, बघू जमतंय काय.

मी खानापूर तालुक्यातला, जिल्हा बेळगाव. गावाचं नाव लिहित नाही, घरचे नको म्हणतात. तुमच्या सरकारी भाषेत सांगायचं तर महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी एका गावचा मराठी भाषिक उमेदवार. गेल्या आठवड्यात पोलीस भरतीला गेलतो. रात्री एसटी स्टँडवर बॅग उशाला घेऊन झोपलो, पहाटे चारला गेटवर. छाती उंची मोजायच्या आधी कागदपत्रांचं टेबल. तिथं बसलेल्यांनी फाईल उलटीसुलटी केली आणि विचारलं, डोमिसाईल कुठाय. म्हटलं सर आम्ही सीमाभागातले, आम्हाला डोमिसाईलच्या जागी १५ वर्षं रहिवासाचा दाखला चालतोय, १० जुलै २००८ चा जीआर आहे, ही झेरॉक्स. जीआरकडं बघितलं सुद्धा नाही. दाखला हातात घेतला, तो कन्नडमध्ये. "ही काय जिलेबी आणलीस रे" म्हणाले. बाजूचे दोघं हसले. मी म्हटलं सर मला पळू तरी द्या, कागदाचं नंतर बघा. "पुढचा या."

झालं. दोन वर्षं दोन मिनिटात संपली.

माझा सोळाशे मीटरचा टायमिंग पाच मिनिटं पाच सेकंद आहे साहेब. गोळा साडेआठ मीटरच्या पुढं जातोय. हे मी तुम्हाला का सांगतोय मला पण कळत नाही, पण कुणाला तरी सांगायला पाहिजे, त्या मैदानावर कुणी विचारलंच नाही. गडहिंग्लजला ॲकॅडमी लावलेली, राहणं, मेस, बूट, सगळं धरून बाबांचे काजूच्या दोन सीझनचे पैसे गेले. जातीचा दाखला कर्नाटकाचा म्हणून फॉर्म खुल्यातनं, फी ४५०, आणि खुल्याला वय २८. पुढच्या महिन्यात मला २८ पूर्ण होतात. आईला अजून सांगितलेलं नाही, तिला वाटतंय रिझल्ट लागायचाय. शेजारचे विचारतात तेव्हा ती म्हणते ग्राउंड चांगलं गेलंय.

आता त्या जिलेबीचं सांगतो. तुमचा जो विहित नमुना आहे त्यात उमेदवार दावा सांगितलेल्या गावात राहतो असं लिहून आमच्या तालुक्यातल्या अधिकाऱ्याची सही आणायची. आमच्या तालुक्यातला अधिकारी म्हणजे कोण? कर्नाटक सरकारचाच की. मी तो मराठी नमुना घेऊन गेलो, आधी नाडकचेरी (तिकडचं दाखले देणारं सरकारी ऑफिस), तिथनं तहसील, परत नाडकचेरी. साहेबांनी क्लार्ककडनं वाचून घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांच्या ऑफिसवर भगवा लावायलाच आलोय. सहा खेटे घातले तेव्हा त्यांनी त्यांच्या नमुन्यात, त्यांच्या भाषेत साधा रहिवासी दाखला दिला. त्यांना शिव्या देऊ का? मला तर वाटत नाही. कर्नाटकाचा पगार घेणारा माणूस 'हे गाव महाराष्ट्र मागतोय' अशा कागदावर शिक्का मारेल असं मंत्रालयात ज्याच्या डोक्यात आलं, त्याला एकदा आमच्याकडं पाठवा. जेवायची सोय आम्ही करतो.

म्हणजे बघा, गावावर हक्क तुमचा, सुप्रीम कोर्टात केस तुमची, भाषणात गाव तुमचं, आणि त्या गावातला पोरगा खरंच तिथला आहे काय हे सांगायला मात्र कर्नाटक पाहिजे. तुम्हाला नाही ओळखता येत? आमची मराठी शाळा आहे, शाळा सोडल्याचा दाखला मराठीत आहे, आज्याच्या नावचा जुना सातबारा आहे. चंदगडच्या किंवा गडहिंग्लजच्या अधिकाऱ्यानं हे कागद बघून दाखला दिला तर काय बिघडतंय? नाहीतर कन्नड दाखल्याचं नोटरी केलेलं भाषांतर तरी घ्या. आणि तो २००८ चा जीआर भरतीच्या प्रत्येक टेबलावर चिकटवून ठेवा. एवढंच मागणं आहे. हो, आणि माझं वय. त्याचं काय करता येत असेल तर बघा.

आमच्या ॲकॅडमीतले सर पोलिटी शिकवताना सांगायचे, राज्यघटनेचं कलम १६, सरकारी नोकरीत नुसतं कुठं राहतो यावरनं भेदभाव करायचा नाही, रहिवासाची अट घालायची तर ती संसदेनं कायदा करून. आम्ही पाठ केलं, पेपरात येतंय म्हणून. मग मी विचारलं सर आपल्याला तर १५ वर्षाची अट आहे की. सर म्हणाले तू एमसीक्यूपुरतं लक्षात ठेव. पेपरापर्यंत पोचलो असतो तर बरोबर टिक केलं असतं.

तसं स्थानिकांना प्राधान्य पाहिजेच, मी विरोधात नाही. २०२४ ला १७,४७१ जागांना साडेसतरा लाखांच्या वर अर्ज आलते, म्हणजे जागेमागं शंभर जण, त्यात आणि बाहेरचे आले तर इथल्या पोरांनी काय करायचं, बरोबर आहे. पण आम्ही स्थानिक कुठले ते एकदा सांगा ना. कर्नाटकात भर म्हणतात लोक. मराठी शाळेतला मी, बाजारापुरतं कन्नड येतंय, त्यावर पेपर द्यायचा? बरं तिकडं बिदर-भालकीच्या पोरांना ३७१ ज कलमाखाली स्थानिक कोटा आहे, क गटात ८० टक्के, ती गावं पण तुमच्या ८६५ मधलीच. बेळगाव जिल्ह्याला ते पण नाही. म्हणजे इकडं परप्रांतीय, तिकडं 'मराठा हुडगा' (म्हणजे मराठा पोरगा), आणि दोन्हीकडं इलेक्शनला आम्ही लागतोय.

माझे चुलत आजोबा १९८६ च्या कन्नड सक्तीच्या आंदोलनात होते. लाठी खाल्ली, खांदा शेवटपर्यंत वर गेला नाही. दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत जायचे (१९५६ ला बेळगाव तिकडं गेलं त्याचा निषेध), १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहायला जायचे, आणि आम्हाला सांगायचे पुढच्या वर्षी आपण महाराष्ट्रात. १९५६ पासनं पुढचं वर्ष चालूच आहे. २००४ ला तुम्ही सुप्रीम कोर्टात दावा टाकला तेव्हा मी पहिलीत होतो. आता माझं भरतीचं वय संपलं, दावा अजून तरुण आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये दोन समन्वयक मंत्री बेळगावला येणार म्हणून आमच्याकडं किती जण वाट बघत होते तुम्हाला माहीत नसेल. आधी ३ तारीख, मग ६, मग आलेच नाहीत. तिकडनं गाड्यांवर दगड पडले, इकडनं गाड्यांना काळं फासलं, आणि त्याच महिन्यात २७ तारखेला नागपूरला विधिमंडळात एकमतानं ठराव, इंच न् इंच जमीन घेणार. टाळ्या वाजल्या असतील. इंच मोजताना त्या इंचावर उभा असलेला माणूस मोजला काय कुणी? ८६५ गावं, गावात दहा पोरं भरतीची धरली तरी साडेआठ हजार होतात. हा माझा अंदाज, तुमच्याकडं खरा आकडा असेल तर सांगा, पण नसणारच.

आणि साहेब, त्या टेबलावरच्या माणसाचं मला जास्त वाईट वाटलं नाही. त्याला जीआर माहीत नाही कारण कुणी सांगितलाच नाही. पण तो हसला ना, मराठी माणूस मराठी माणसाला कानडी म्हणून हसला, ते डोक्यातनं जाईना. दुसऱ्या दिवशी खानापूरला बसमधनं उतरलो तर कंडक्टर कन्नडमध्ये बोलला, मी मराठीत उत्तर दिलं, तो पण हसला.

थोडक्यात लिहायचं राहूनच गेलं. उत्तर पाठवणार असाल तर पत्त्यावर राज्य कर्नाटकच लिहा, महाराष्ट्र लिहिलं तर पोस्टमनचा उगीच गोंधळ होतोय.

आपला,
सीमाभागातला एक उमेदवार
ता. खानापूर, जि. बेळगाव