फुंकणीवाल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नोव्हेंबरात वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी सीओपीडी दिनाचं, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागते त्या जुनाट आजाराच्या दिवसाचं शिबिर होतं, शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही फुंकून श्वास मोजायचं मशीन घेऊन बसला होता. निळं लुगडं नेसलेली, दर चार पावलांवर खांबाला धरून थांबणारी ती माझी आई.

त्याआधी दोन वर्षं आम्ही हिंडत होतो. एकानं इंजेक्शन दिलं, एकानं सलाईन लावलं, एकानं खोकल्याची बाटली हातात दिली. एक्स-रे चांगला आला की "वय झालंय, चालायचंच" हे ठरलेलं. आईचं वय ५६. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडं न बघता मला विचारलं, "बिडी ओढतात का?" मी नाही म्हटलं, तिथंच त्यांचे प्रश्न संपले. बाई समोर खुर्चीत धापा टाकत बसलीय, तिला विचारा की!

तुम्ही तिलाच विचारलंत. "मावशी, चुलीपुढं किती वर्षं काढली?" आई बोटं मोजायला लागली. माहेरची चूल, मग इथली, शिवाय हंगामात गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालायची ती वेगळी. चाळीसच्या पुढं गेली तेव्हा तीच थांबली. इतकी वर्षं तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, पण हा हिशेब मी कधी केला नव्हता.

मग ते फुंकणं. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात जोरात सोडायचा. पहिल्यांदा तिनं नळी दातांतच चावली, दुसऱ्यांदा खोकल्याची उबळ आली, तिसऱ्यांदा नुसती ओशाळून हसली. मागं बायकांची रांग. तुम्ही खुर्ची सोडलीत, तिच्यापुढं उकिडव्या बसलात, गुडघ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "मावशी, पावसाळा हाय, जळण वलं हाय, दारात पावणं आल्यात. फुंका!"

आणि आईनं फुंकलं. "अजून, अजून, पेटत आली बघा!" म्हणत तुम्हीही तिच्याबरोबर गाल फुगवलेत.

मशीन केवढ्याचं असतं ठाऊक नाही, पण उकिडवं बसायला पैसे पडत नाहीत, एवढं त्या मोठ्या डॉक्टरांना कुणीतरी कळवा.

धडधाकट माणूस पहिल्या सेकंदातच सत्तर टक्क्यांच्या वर हवा बाहेर टाकतो, आईची निम्मीही निघाली नव्हती. औषध ओढून पुन्हा फुंकल्यावरही आकडा फारसा हलला नाही. सीओपीडी हे नाव आमच्या घरात त्या दिवशी आलं. २०२१ साली जगात सुमारे ३५ लाख माणसं ज्यानं गेली, त्याला आमच्या गावात नावच नाही, नुसतं 'धाप लागतीया' म्हणतात. बिडीला हात न लावताही तो होतो आणि गेलेली छाती परत येत नाही, पुढचं मात्र राखता येतं, हे तुम्ही तिला समोर बसवून सांगितलंत. खोटा धीर दिला नाहीत, त्याचंही बरं वाटलं.

औषध श्वासातून ओढायच्या पंपाची सवय लागते म्हणून शेजारणी घाबरवायच्या. आता आईच त्यांना शिकवते, "गोळी सगळ्या अंगात हिंडती, पंप नेमका छातीत जातो." पंप ओढून झाला की चूळ भरायला विसरत नाही. परवा देवळापर्यंत एकदाच थांबून गेली.

गॅस होताच घरात, पण त्यावर फक्त चहा व्हायचा. आता भाकरीही त्यावरच होते. चव नाही म्हणून वडील कुरकुरतात आणि दोन खातात. आंघोळीच्या पाण्याचा बंब मी पेटवतो. फुंकणी मी माळ्यावर टाकली होती, ती आईनं शोधून काढली, राख झाडून, पुसून कोनाड्यात ठेवली. कशाला, म्हणून विचारलं.

"ती पोरगी परत आली तर तिला दावायचीय."

तुमचा,
निळ्या लुगड्यातल्या मावशींचा मुलगा