साताऱ्याहून मैत्रिणीस पत्र

सातारा

प्रिय सुमन,
सप्रेम नमस्कार.

निराधार योजनेचे पैसे घेताना मन खाते का, असे तू विचारलेस. पहिल्या वर्षी खात असे. हे गेल्यावर सासरच्यांनी हात झटकले आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे महिना १,५०० रुपये व अंत्योदय कार्डावरचे ३५ किलो धान्य, एवढ्यावर माझा व मुलीचा संसार चालू राहिला. एका कार्यालयात माझ्या पिशवीतली मुक्त विद्यापीठाची पुस्तके पाहून साहेबांनी सर्वांदेखत विचारले, "शिकायला पैसे आहेत, मग तुम्ही निराधार कशा?" वर्षाची फी मी रात्री ब्लाऊजना काजे-हुक करून भरली होती, पण त्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही.

उत्तर घरी आल्यावर सुचले. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे आपल्या शाळेच्या भिंतीवरचे वाक्य तुला आठवत असेलच. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथली मुले राबून शिकत, आणि त्यांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. ती भाकरी खाल्ली म्हणून त्या मुलांना कोणी लाचार म्हटले नाही, आणि ती राबतात म्हणून त्यांच्या ताटातली भाकरी कोणी काढूनही घेतली नाही.

माझ्या बाबतीत मात्र नेमके उलटे होते आहे. नियमाप्रमाणे कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५०. एका दुकानात हिशेब लिहिण्याचे ६,००० रुपयांचे काम चालून आले आहे. ते धरले तर अनुदान सुटते, आणि उद्या दुकानच बंद पडले तर पुन्हा दाखले, पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरीची वाट. मर्यादा ओलांडताच सगळा आधार काढून घेण्याऐवजी वर्षभर तरी तो हळूहळू कमी केला, तर माझ्यासारख्या कितीतरी जणी बिनघोर कामाला लागतील. दोन रात्री शिलाई मशीनवर पासबुक उघडे ठेवून मी बसून राहिले, मुलगी जागी होऊन "आई, मशीन का थांबलं?" असे विचारत होती.

काम धरायचे मी ठरवले आहे. पहिला पगार हाती आला की अनुदान बंद करण्याचा अर्ज मी स्वतः नेऊन देईन, आणि मुलीला सोबत नेईन. तुझ्या अर्थशास्त्राच्या टाचणवह्या सांगलीहून इकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठव. मे महिन्यात पेपर आहेत.

तुझी,
शालन