जर्नल चोख, पण ग्रंथपालांना विचारले का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेला एक्स्टर्नल म्हणून मी निरनिराळ्या महाविद्यालयांत जातो. जर्नल उघडले की बहुधा 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' निघते. नाही तर एटीएम. युज केस (वापरणारा यंत्रणेकडून काय करून घेतो), क्लास (यंत्रणेतल्या गोष्टी आणि त्यांचे संबंध), सिक्वेन्स (संदेशांचा क्रम), सगळ्या आकृत्या सुबक असतात. व्हायवात मी विचारतो, "तुमच्या ग्रंथालयात बुक बँकेची पुस्तके किती दिवसांसाठी देतात?" बहुतेकांना ठाऊक नसते, कारण ग्रंथपालांकडे कोणी गेलेलेच नसते. एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायला हवे ते मांडणारा दस्तऐवज, वरच्या वर्गाकडून आलेला असतो, त्यांना तो त्यांच्या वरच्यांकडून. (एसआरएस कसा लिहावा हे सांगणाऱ्या आयईईई ८३० या १९९८च्या मानकाची जागा २०११ मध्येच नव्या मानकाने घेतली, तरी जर्नलात अजून तेच ८३०!) आता तर चॅटजीपीटी मिनिटभरात एसआरएस लिहून देते. त्याला जगभरची ग्रंथालये माहीत असतील, तुमच्या कॉलेजचे नाही.

बुक बँकेची पुस्तके अनेक ठिकाणी सबंध सत्रासाठी मिळतात. मग जर्नलातला 'सात दिवसांनंतर दंड' तिथे लागूच होत नाही. पुस्तक हरवले तर पैसे घ्यायचे की नवी प्रत? ती आवृत्ती बाजारातच नसेल तर? दंड कार्यालयात भरला आणि ग्रंथालयाला कळलाच नाही, तर 'नो ड्यूज'वर सही कोण करणार? ग्रंथपालांशी अर्धा तास बोलले तरी हे सगळे बाहेर येते, आणि मग क्लास डायग्राम बदलावाच लागतो. हा विषय शिकायचा तो इथेच.

विचारपूस कमी पडली की काय होते, हे लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने अनुभवले. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथे गाड्या पाठवण्याची नवी संगणकीय यंत्रणा पूर्णपणे सुरू झाली. प्रत्येक गाडी कुठे आहे, मोकळी आहे का, याची माहिती कायम अचूक मिळेल असे तिच्या रचनेत गृहीत होते. गाडीवरच्या माणसांकडून बटण चुकले किंवा रेडिओचा संदेश पोहोचला नाही, की संगणकातली गाडी एकीकडे आणि रस्त्यावरची दुसरीकडे. एका कॉलला दोन गाड्या जात, दुसरा ताटकळत राही. दुसऱ्याच दिवशी निम्मे काम पुन्हा हाताने सुरू करावे लागले.

आपल्याकडे रेशन दुकानात 'अंगठा लागत नाही' हे वाक्य कोणी ऐकलेले नाही? कष्टाने रेषा झिजलेली बोटे ई-पॉस यंत्र ओळखत नाही. युज केसमध्ये पर्यायी मार्गाचा रकाना असतो तो अशाच माणसांसाठी. आमची मुले तिथे 'पासवर्ड चुकीचा' एवढेच लिहितात.

मुलांना मी दोष देत नाही. गुण आकृतीला मिळतात, विचारण्याला नाही. सहकारी म्हणतात, हल्ली एजाइल (थोडे-थोडे बनवत, बदलत जाण्याची पद्धत) आहे, एसआरएस कोण लिहितो? पण त्यातली युजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याची गरज एका-दोन ओळींत, लिहायलाही युजर भेटावा लागतोच. तेव्हा अभ्यास मंडळाने टर्मवर्कचे निम्मे गुण मुलाखतीच्या टिपणांना द्यावेत. चार-चार मुलांच्या गटांना दूध संकलन केंद्र, ग्रामपंचायतीची पाणीपट्टी, बाजार समितीतला लिलाव असे खरे काम द्यावे, आणि ज्याची गरज लिहिली त्या माणसाने एसआरएस वाचून सही केल्याशिवाय जर्नल तपासू नये. अर्थात, तो त्याला वाचता येईल अशा मराठीत लिहावा लागेल.

– एक प्राध्यापक, सांगली