रोहूची अख्खी कातडी काढून देणाऱ्या मावशींना

ती. मावशी,
सा. नमस्कार.

भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात रोहू घेणाऱ्याला आडवे तुकडे लागतात, तेही कातडीसकट, कारण रश्श्यात कातडीच तुकडा धरून ठेवते. गर्दीच्या वेळी विळीवरचा सवयीचा हात थांबवून तुम्ही आमच्यासाठी माशाची एकेक कूस अखंड सोलून देता. त्या कातडीचं पुढे काय होतं, हे तुम्हाला कळायलाच हवं, म्हणून हे आभाराचं पत्र.

बांबूच्या किंवा धामण झाडाच्या लाकडाच्या धनुष्याची पाठ, म्हणजे नेम धरताना लक्ष्याकडे असणारी बाजू, आम्ही या कातडीने मढवतो. परदेशी कारागीर तिथे बऱ्याचदा सापाची कातडी चिकटवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यामुळे तो विषयच नाही, आणि रोहूची जाळी त्यापेक्षा कमी देखणीही नाही. खवला निघाला की त्याचा खोबणीसारखा कप्पा कातडीत राहतो. अशा कप्प्यांच्या ओळी आणि कुशीच्या मधोमध जाणारी बारीक टिंबांची रेघ, हीच सगळी नक्षी. ती रेघ बाहूच्या, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतच्या अर्ध्या दांड्याच्या, मध्यावर सरळ बसली की धनुष्य उठून दिसतं. मात्र ही सजावट आहे. थोडी ओल अडते, एखादी बारीक चिरफळी दबून राहते, एवढंच. तडकलेलं धनुष्य कातडीने वाचत नाही.

सगळ्यात मोलाचं काम तुमच्याच हातून होतं. कल्ल्यामागे एक काप, पाठीवरच्या पराच्या दोन्ही अंगांनी दोन लांब काप, मग कूस काट्यापासून सोडवायची. नंतर शेपटीकडचं टोक मीठ लावलेल्या बोटांनी घट्ट धरायचं, पातं जवळजवळ आडवं ठेवायचं आणि पात्यापेक्षा कातडीच जास्त ओढायची. मिठाने बोटं घसरत नाहीत, हे तुम्ही शिकवलंत. पातं जरा उभं झालं की कातडीला भोक पडतं, आणि ते भोक धनुष्यावर ताणलं की दुप्पट होतं. त्यापेक्षा मांसाचा पातळ थर राहिलेला बरा. तो घरी खरवडता येतो. मासा ताजाच हवा, हा तुमचा आग्रहही तितकाच बरोबर आहे. शिळ्या माशात पोटातले पाचक रस पोटाकडची कातडी आतून कुजवतात आणि ती बोटाने फाटते.

हिशेब असा: मुठीपासून टोकापर्यंत एकेक बाहू साधारण ७५ सेंटिमीटर. ३ किलोच्या रोहूच्या एका कुशीतून ४० सेंटिमीटरच्या आसपास कामाची लांबी मिळते. म्हणून दोन मासे, चार कुशी, प्रत्येक बाहूवर दोन. पट्टी ५ सेंटिमीटर रुंद कापतो. सांध्याला १ सेंटिमीटर एकावर एक घेऊन वर दोरा गुंडाळतो. शेपटीची बाजू नेहमी टोकाकडे, कारण कप्प्यांची तोंडं शेपटीकडे उघडतात. उलट लावली तर मुठीकडून हात फिरवताना प्रत्येक कडा अडते.

घरी पहिलं काम चरबी काढायचं. पीव्हीसी पाइपवर कातडी पसरून बोथट चमच्याने आतली बाजू खरवडायची, मग भांड्यांचा साबण घातलेल्या थंड पाण्यात १५-२० मिनिटं, असं दोन-तीनदा. चरबी राहिली तर गोंद धरत नाही, पिवळे डाग येतात आणि पावसाळ्यात वास सुटतो. पाणी गरम नको. माशाची कातडी जनावराच्या चामड्यापेक्षा कमी उष्णतेत आक्रसते, आणि एकदा आक्रसली की पुन्हा पसरत नाही. वाळवताना खाली प्लास्टिक अंथरायचं, नाहीतर ती स्वतःच्याच चिकटपणाने फळीला बसते. टाचण्या पितळेच्या, लोखंडाचा गंज उतरतो.

धनुष्य घासून, दोन्ही बाहू सारखे वाकवून पूर्ण झाल्यावरच कातडी लावायची. लाकूड १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसायचं. वाळलेली कातडी १०-१५ मिनिटं भिजली की ओल्या फडक्यासारखी होते. पाणी टिपून, पाण्याला टिकणारा फेविकॉल लाकडाला आणि कातडीच्या आतल्या बाजूला पातळ लावून, मधल्या रेघेपासून कडांकडे अंगठ्याने दाबत हवा काढायची. सरस वापरायचा तर १ भाग सरस, २ भाग पाणी, रात्रभर भिजवून ६० अंशांपर्यंत तापवायचा आणि हाताला कोमट लागेल इतका निवल्यावरच कातडीला लावायचा. वरून सुती बँडेज सैलसर. घट्ट बांधलं तर त्याची वीण उमटते.

नागपूरच्या मे महिन्यात हे काम काढूच नये. कोरड्या हवेत कडा मधल्या भागाआधी वाळतात आणि उचलल्या जातात. पावसाळ्यात उलट गंमत, चार-चार दिवस ओल जात नाही, आणि ओल असताना व्हार्निश मारलं की खाली पांढुरका ढग धरतो. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. कातडी पूर्ण वाळली की कडा कानशीने खाली ओढत घासायच्या, उभे राहिलेले कप्पे ३२० च्या पेपरने हलके बसवायचे, आणि व्हार्निशचे तीन-चार पातळ हात.

मागच्या वेळी न मागता तुम्ही रोहूचे फुगेही, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशव्या, धुऊन बांधून दिलेत, त्यासाठी वेगळे आभार. तुर्की आणि कोरियन धनुष्यांत शिंग, लाकूड आणि जनावरांच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचे) धागे जोडायला माशाच्या फुग्यापासून केलेला सरस वापरायचे. फुग्याचं बाहेरचं पातळ आवरण काढून तो वाळवून ठेवला आहे.

पुढच्या खेपेला खवले काढण्याचा त्रास घेऊ नका. विळीच्या धारेने कप्प्यांच्या कडा तुटतात. आम्ही घरी चमच्याने, शेपटीकडून डोक्याकडे, सावकाश काढू. तुम्ही फक्त कूस अखंड द्या. माशाचं मांस नेहमीप्रमाणे तुकडे करून वेगळं बांधा, त्याचे पूर्ण पैसे देऊच, आणि सोलण्याची मजुरी यावेळी नाकारू नका.

आपले,
हाताने धनुष्य करणारे आम्ही नागपूरकर